झुवैनाचा मुसल्ला

आमच्या घराचं अंगण पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपत आलंय. तीन भावांच्या तीन खोल्या, मधे अंगण, आणि जिथून तिन्ही दारं एकदम दिसतील अशा कोपऱ्यात आमच्या सासूबाईंची गादी. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणतो. आत्याबाई सकाळपासून तिथे बसलेल्या असतात. कॉफी पितात, खजुरातल्या बिया काढतात आणि सुनांच्या नमाजेवर लक्ष ठेवतात.

यात धर्माची काळजी नखाएवढीही नव्हती. सुनांनी नमाजेचा मुसल्ला अंगणात, खजुराच्या सावलीत पसरायचा अशी घराची रीत होती. ज्या दिवशी एखादीचा मुसल्ला दिसला नाही, त्या दिवशी तिला अडचण आली, कारण पाळीत नमाज पढत नाहीत. पुन्हा दिसला की ती न्हाऊन मोकळी झाली, आणि नवऱ्यालाही मोकळी झाली. मग आत्याबाई उठायच्या, धूपदाणीत निखारे घालायच्या, वर ऊद टाकायच्या आणि ती धूपदाणी त्या लेकाच्या खोलीत नेऊन ठेवायच्या. लेकाला कळायचं. जावांना कळायचं. वास भिंतीपलीकडे गेला की शेजारच्या मौझामावशींनाही कळायचं, आणि दुसऱ्या दिवशी कॉफीला आल्या की त्या त्या सुनेकडे बघून भुवई उडवायच्या. लग्नानंतर महिनाभराने ही सगळी भानगड माझ्या ध्यानात आली, तेव्हा मला खरोखर उलटी झाली. आत्याबाईंना वाटलं, दिवस राहिले. त्यांनी गल्लीत हलवा वाटला.

माझं नाव नस्रा. मी थोरली. मधली शिनूना, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. आणि धाकटी झुवैना, खलफानची बायको. तिच्याबद्दल सांगायचं आहे.

झुवैना दिसायला काही खास नाही. बुटकी, गोल चेहऱ्याची, एक भुवई दुसरीपेक्षा जाड. ती टोप्या भरते. आमच्याकडचे पुरुष घालतात त्या गोल कुम्मा, त्यांवरचं बारीक छिद्रांचं भरतकाम. बुधवारी आमच्या इब्रा गावातल्या बायकांच्या बाजारात बसून ती त्या विकते. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की टोपी स्वतःच्याच डोक्यावर चढवते. "बघ, मला या तोंडावर शोभतेय, तर तुझ्या नवऱ्याला का नाही शोभणार?" असं म्हणते आणि स्वतःच हसत सुटते. तिचं हसणं म्हणजे बंब पेटल्यासारखं. आधी नुसता धूर, मग एकदम भडका. बाजारातल्या बायका आपापली गिऱ्हाइकं सोडून तिच्याकडे बघायच्या.

मी नमाज उरकते, खोटं कशाला बोलू? डाळ चुलीवर असते, पोर रडत असतं. झुवैनाचं तसं नव्हतं. ती सजद्यात कपाळ टेकवायची आणि तिथेच राहायची. मला वाटायचं, झोपली. एकदा मी तिला तसं म्हटलंही.

"झोपत नाही हो ताई," ती म्हणाली. "दिवसभर कुणी ना कुणी माझ्याकडे काही ना काही मागत असतं. पाणी दे, दूध दे, टोपी दे, हे दे, ते दे. तिथे डोकं टेकलं की कुणाला काही मागता येत नाही."

तिची पहिली दोन बाळंतपणं तिच्या आईकडे झाली. तिची आई शहाणी होती. मेथीचा काढा, कोंबडीचा रस्सा, तूप, मध आणि चाळीस दिवस पडून राहणं, एवढंच ती करायची. माझीही सगळी बाळंतपणं माहेरीच झाली. तिसऱ्या वेळी मात्र झुवैनाची आई वारली होती. त्यामुळे तान्ह्या मयासाला घेऊन ती दवाखान्यातून थेट आमच्या घरी आली. दवाखान्यातल्या नर्सने आत्याबाईंना बजावून सांगितलं होतं, "आजी, आत काहीही घालायचं नाही बरं का." आत्याबाईंनी इतक्या भोळेपणाने मान हलवली की नर्सला वाटलं असेल, काय गरीब म्हातारी आहे.

तिसऱ्या दिवशी मी मयासाला न्हाऊ घालत होते आणि झुवैनाच्या खोलीतून किंकाळी आली. बाळंतपणाच्या वेळीसुद्धा ती तशी ओरडली नसेल. मी ओल्या हातांनी धावले. मौझामावशी तिचे दोन्ही गुडघे धरून बसल्या होत्या, आणि आत्याबाईंनी फडक्यात बांधलेले मिठाचे खडे, बाळ जिथून आलं तिथे कोंबून ठेवले होते. टाके ओले होते. जखम ताजी होती. तिथे मीठ!

"अहो, काढा ते! काय करताय?" मी ओरडले.

"तू बाजूला हो," आत्याबाई म्हणाल्या. "तिसरं पोर आहे. उंट जाईल एवढी वाट झालीये. माझ्या लेकाने काय करायचं? मिठाने आवळून येतं."

"अगं, आम्ही सगळ्यांनी केलंय," मौझामावशी म्हणाल्या. "मेलो का?"

मी झुवैनाचा हात धरला तर तिने माझ्या मनगटात नखं रुतवली. मिठाची ती पुरचुंडी सलग काही दिवस रोज बदलली गेली. मी दोनदा काढून फेकली, दोनदा नवी आली. किनाऱ्याकडून येणारी खारवलेली मासळी मी तेव्हापासून तोंडात घालू शकलेले नाही.

चाळीस दिवस झाले. झुवैना न्हाली, आणि तिने मुसल्ला अंगणात पसरला. तिला कोण आनंद झाला होता! त्याच संध्याकाळी धूपदाणी तिच्या खोलीत गेली.

खलफान वाईट माणूस नाही असं सगळे म्हणतात. पाण्याचा टँकर चालवतो, कुणावर ओरडत नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. फक्त विचारत नाही. धूपदाणी आली, म्हणजे जेवायला वाढलंय, बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईजवळ कॉफी प्यायला बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "आई, ती रडते. फार दुखतं म्हणते."

आत्याबाईंचा चेहरा फुलला. "रडणारच. नव्या नवरीसारखी झालीये. मिठाचा गुण आहे तो. मला दुवा दे."

मी चार हात अंतरावर भाकऱ्या थापत होते. तव्यावरची भाकरी उचलून त्या हसऱ्या तोंडावर मारावी असं मला वाटलं. पोटच्या मुलाने आईला असलं सांगावं, आईने त्यावर खूश व्हावं, आणि जिचं दुखतं ती आत बसून पोराला पाजतेय. शिसारी आली मला त्या दोघांची.

मग आणखी एक गोष्ट सुरू झाली. झुवैना शिंकली, खोकली, घागर उचलली की तिला थेंब थेंब लघवी व्हायची. सजद्यात वाकली की व्हायची. नमाजेआधी हातपाय धुऊन केलेला वजू मोडायचा. ती उठायची, पुन्हा धुवायची, पुन्हा उभी राहायची, पुन्हा मोडायचा. मी तिला म्हटलं, "अगं, धर्मात याला सोय आहे. दर नमाजेला नवा वजू कर आणि पढ. मधे काय होतं ते अल्ला बघून घेईल."

"मला माझीच घाण वाटते, ताई," ती म्हणाली. "मुसल्ल्याला वास येतो."

येत नव्हता. मी हुंगून बघितला होता. पण ती ऐकेना. रोज धुवायची. आणि तिने हसणं बंद केलं. मी काही गमतीचं बोलायला लागले की ती हात जोडायची, "ताई, नको ना. हसवू नका. सांडतं." बाजारात टोपी डोक्यावर घालणं बंद झालं. समोर मांडून मुकाट बसायची आणि लोक मागतील त्या भावाला देऊन टाकायची.

मग तिचा मुसल्लाच दिसेनासा झाला. अडचण आली, म्हणाली. दहा दिवसांच्या वर आमच्याकडे अडचण धरत नाहीत, त्यामुळे दहा दिवसांनी न्हायची. मुसल्ला पसरला की धूपदाणी यायची. थोड्याच दिवसांत पुन्हा अडचण. मयासा अंगावर पीत होती, आणि अंगावर पिणारं मूल असताना इतकी अडचण येत नाही हे मला कळत होतं. मी गप्प राहिले, कारण मला कारणही कळत होतं. या घरात दार लावून घेण्याचा बाईला एकच मार्ग होता, तो तिने शोधला होता. त्यासाठी तिला जी एक गोष्ट मनापासून आवडायची तीच सोडावी लागत होती.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण आत्याबाई बसल्या होत्या ना कोपऱ्यात!

एका दुपारी कॉफीला सगळ्या जमल्या होत्या. आत्याबाई, मौझामावशी, आम्ही तिघी जावा. मधे खजुरांची परात. झुवैनाच्या मांडीवर मयासा.

"मौझा," आत्याबाईंनी सहज विषय काढल्यासारखं केलं, "तुझ्या सुनेची अडचण किती दिवस असते गं?"

"पाच-सहा दिवस. का?"

"आमच्या धाकटीची संपतच नाही. संपते न संपते तोच दुसरी." त्यांनी खजुरातली बी काढून ताटलीत टाकली. "आणि गंमत सांगू? न्हाणीघरातला कचऱ्याचा डबा मी रोज स्वतः बघते. थोरलीचे पॅड असतात, मधलीचे असतात. हिचा एक नाही."

माझ्या तोंडात खजूर होता. ही बाई आमचा डबा उपसत होती. काठीने की हाताने, अल्ला जाणे. कुणाचं काय, किती, कधीचं, सगळं तिला पाठ होतं. शिनूनाने तोंडाला ओढणी लावली. मी परातीत खजूर थुंकला, मुद्दाम, त्यांच्या समोर.

"बोल की," आत्याबाई झुवैनाला म्हणाल्या. "अल्लाची नमाज बुडवतेस? खोटं बोलून? नवऱ्याला दूर ठेवायला?"

झुवैना मयासाला उचलून झटकन उठली, आणि त्या झटक्यात तिला झालं. पायजम्यावर ओला डाग उतरला. सगळ्यांनी बघितला.

"हे बघ," आत्याबाई मौझामावशींना म्हणाल्या, एखादं कालवण चाखून सांगावं तसं, "मीठ कमी पडलं."

"उद्या मी चांगलं आणते," मौझामावशी म्हणाल्या. "समुद्राकडचं, जाड."

मी झुवैनाच्या मागे स्वयंपाकघरात गेले. ती धान्याच्या डब्यांमागे जमिनीवर बसली होती. मला वाटलं रडेल, पण तिला राग आला होता.

"ताई, तो आत आला की आतून कुणी सुरीने खरवडतंय असं वाटतं," ती म्हणाली. "मी खोटं बोलले, हो. अल्लाशी खोटं बोलले. दुसरं काय करू? मुसल्ला टाकला की त्याला वाटतं मी बोलावलं. मला नमाज पढायचीय, ताई. मला एवढंच करायचंय. आणि आता उद्या परत मीठ."

"उद्या मीठ नाही," मी म्हटलं. "उद्या मयासाला टोचायला न्यायचंय."

"तिचं टोचून झालं की."

"आत्याबाईंना कुठे माहीत आहे?"

सकाळी मौझामावशींच्या आधी आम्ही घर सोडलं. दवाखान्यात बाईडॉक्टरांनी झुवैनाला तपासलं. मी पडद्याच्या अलीकडे मयासाला घेऊन उभी होते. तपासता तपासता डॉक्टर एकदम थांबल्या. "इथे काय भरलं होतं?" त्यांनी विचारलं. झुवैनाने सांगितलं. मग डॉक्टर म्हणाल्या की आतली कातडी भाजून बरी झाल्यासारखी जागोजागी आक्रसलीये, कडक झालीये, दुखणारच. आणि भीतीने आजूबाजूचे स्नायू कायम आवळून धरलेले आहेत, त्यामुळे ते दमलेत. म्हणून वेळेवर लघवी धरतही नाहीत. हे बरं होतं, पण घाई करायची नाही. मग त्यांनी आम्हाला नजवाबाईंकडे पाठवलं.

नजवाबाई इजिप्तच्या. अंगाने भरलेल्या, बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. बाळंत बायकांना व्यायाम शिकवणं हे त्यांचं काम. झुवैनाला त्यांनी गादीवर आडवं केलं, गुडघे दुमडायला लावले, आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"आता मला सांग, हबिब्ती, बाळा," त्या म्हणाल्या, "रमजानमधे सगळ्या बायकांबरोबर नमाजेला उभी आहेस. संध्याकाळी वाटाणे खाल्लेस. पोटात वारा आला. काय करतेस?"

झुवैना लाजेने लाल झाली.

"लाजू नकोस. वजू मोडू नये म्हणून काय करतेस?"

"धरते," झुवैना पुटपुटली.

"तेच! तोच स्नायू. तुझ्याकडे आहे, तू तो आयुष्यभर वापरलायस, तुला फक्त नाव माहीत नव्हतं. धर आता. वर ओढ. श्वास नको धरूस, तोंड वाकडं करू नकोस, पार्श्वभाग उचलू नकोस. शाबास. आता सोड."

झुवैनाने सोडलं.

"नाही सोडलंस. पुन्हा सोड. श्वास बाहेर टाक आणि सोड. अजून. बघ, आवळायला तुम्हाला सगळ्या जगाने शिकवलंय. सोडायला कुणी शिकवलं नाही. तुला आधी सोडायला शिकायचंय."

ते सोडणं झुवैनाला जमेना. नजवाबाईंनी तिला पोटावर हात ठेवून श्वास घ्यायला शिकवलं, बोटाला तेल लावून स्वतःच आतली कडक जागा हळूहळू चोळून मऊ कशी करायची ते सांगितलं, शिंक यायच्या आधी कसं धरायचं ते सांगितलं. मला पडदा मधे असूनही कुठे बघावं कळत नव्हतं. पण हे सगळं त्या चहात साखर किती घालायची ते सांगावं तसं सांगत होत्या.

"आणि नवऱ्याने काय करायचं?" झुवैनाने विचारलं.

"काही नाही. काही न करणं, हेच त्याचं काम."

"कधीपर्यंत?"

"तुला हवंसं वाटेपर्यंत."

"मला?" झुवैना उठून बसली. "मला हवंसं?"

"मग कुणाला? शेजारणीला?"

झुवैना माझ्याकडे बघायला लागली. दहा वर्षं लग्नाला झाली, तीन पोरं झाली, आणि हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. तिने स्वतःही स्वतःला विचारला नव्हता. मला त्या क्षणी आमच्या अख्ख्या गल्लीची किळस आली. आमच्या आयांची, मावश्यांची, त्या धूपदाण्यांची, सगळ्यांची.

घरी आलो तेव्हा मौझामावशी पुरचुंडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"किती उशीर गं," आत्याबाई म्हणाल्या. "चल, आत चल."

झुवैना अंगणाच्या मधोमध उभी राहिली. मयासा माझ्याकडे दिली. "मौझामावशी," ती म्हणाली, "ते मीठ मासळीला लावा. मी मासळी नाही."

इतकी वर्षं मौझामावशींना कुणी उलटून बोललं नसेल.

"माझ्या घरात माझ्या पाहुणीला बोलतेस?" आत्याबाई उठायला लागल्या.

"बोलतेय. दवाखान्यात जाऊन आले. तुमच्या मिठाने आत भाजून निघालंय. डॉक्टरनी बघितलं."

"डॉक्टरला काय कळतं? आणि नमाज? नमाजेचं काय? ती पण डॉक्टरने सोडायला सांगितलीये?"

झुवैनाने दुपारच्या नमाजेसाठी हातपाय धुतले, अंगणात वाळत घातलेला आपला मुसल्ला उचलला, खोलीत गेली आणि दार लावलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. आमच्या घरात दिवसा कुणी कडी लावत नाही.

"पढतेस की नाही?" आत्याबाई दाराबाहेरून ओरडल्या. "मला दिसत नाही!"

"तुम्हाला दिसायची गरज नाही, आत्याबाई," आतून आवाज आला. "ज्याला दिसायला पाहिजे त्याला दिसतंय."

मला काय झालं कोण जाणे. मीही माझा मुसल्ला उचलला आणि माझ्या खोलीत नेला. कडी घातली. त्या दिवशी मी नमाज उरकली नाही.

शिनूनाला दोन-तीन आठवडे लागले. ती आत्याबाईंकडे बघत अंगणात पढायची. मग एका सकाळी बघते तर खजुराखालची जागा रिकामी. तीन दारं बंद. आत्याबाई कोपऱ्यात बसून या दाराकडून त्या दाराकडे मान फिरवत होत्या.

आता त्यांना काहीच कळेना. धूपदाणी कधी न्यायची, कुणाकडे न्यायची? डबाही आम्ही तिघींनी मिळून बंद केला. आपापल्या खोलीत पिशव्या ठेवल्या आणि रोज बाहेर नेऊन टाकल्या. आत्याबाईंनी माझ्या नवऱ्याकडे, सैफकडे, तक्रार केली. "तुमच्या बायका नमाज पढतात की नाही, मला कळत नाही." सैफ बिचारा काय बोलणार? तो म्हणाला, "आई, आत पढत असतील," आणि चप्पल घालून बाहेर निघून गेला.

आत्याबाईंनी अंदाजाने धूपदाणी ठेवायला सुरुवात केली. पहिलाच अंदाज चुकला. शिनूनाची खरीखुरी अडचण चालू असताना त्यांनी तिच्या खोलीत ऊद पेटवला. मधला दीर हमदान मोठ्या ऐटीत आत गेला आणि तीन मिनिटांत बाहेर आला. आजवर शब्द न काढणारी आमची शिनूना आत काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी हमदानने स्वतः धूपदाणी उचलून आईच्या गादीशेजारी ठेवली. "आई, परत माझ्या खोलीत ठेवू नकोस," तो म्हणाला. "मी तिला विचारेन."

खलफानचा धीर सगळ्यांत उशिरा झाला. एका दुपारी जेवणं उरकून घर आडवं झालं होतं. तो आईजवळून उठून झुवैनाच्या दाराशी आला. मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते.

"झुवैना, आई म्हणते की..."

"आईला काय विचारतोस?" आतून ती म्हणाली. "मला विचार."

तो टाचेने जमीन उकरत राहिला. टँकर चालवणारा एवढा धिप्पाड माणूस, पाहुण्यासारखा आपल्याच दाराशी उभा.

"येऊ का?" शेवटी म्हणाला.

"नको."

"बरं," तो म्हणाला, आणि पुरुषांच्या बैठकीत जाऊन उशांमधे झोपला. पुढेही तो येत राहिला. विचारायचा, नको ऐकायचा, जायचा. चिडला नाही, हे त्याचं मी मान्य करते. एकदा तो दाराशी उभा राहून वेगळंच बोलला. "दुखतं का गं अजून?" झुवैनाने दार उघडलं नाही. मग ती म्हणाली, "थोडं. आधीपेक्षा कमी." त्या घरात कुणी तिला हे पहिल्यांदाच विचारत होतं.

नजवाबाईंकडे आम्ही जात राहिलो. झुवैना टोपी भरता भरता मधेच गप्प व्हायची, तेव्हा मला कळायचं की धरतेय, सोडतेय. उन्हाळा आला, गेला. एका बुधवारी बाजारात एक गिऱ्हाईक म्हणाली, "ही टोपी माझ्या नवऱ्याच्या डोक्यात जाणार नाही, त्याचं डोकं मोठं आहे." मी म्हटलं, "डोकं मोठं असेल, पण आत काही असेल तर ना!" झुवैनाला हसू फुटलं. आधी नुसता धूर, मग भडका. हसता हसता ती एकदम थांबली, घाबरून स्वतःकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "ताई," ती हळूच म्हणाली, "काही नाही झालं. कोरडी आहे." आणि मग इतकी हसली की शेजारच्या बाईने आपलं सामान तिथेच टाकून विचारलं, काय झालं म्हणून.

खलफान अजूनही विचारतो की नाही, मला माहीत नाही. तिने कधी हो म्हटलं, तिने स्वतःच कधी बोलावलं, की अजून तसं काही झालंच नाही, तेही मला माहीत नाही. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. परवा दुपारी आत्याबाईंनी मला जवळ बोलावलं. आवाज खाली करून म्हणाल्या, "काय गं नस्रा, त्या दोघांचं झालं का ठीक? कधीपासून?"

"मला काय माहीत, आत्याबाई?"

"तुला माहीत नसेल असं कसं होईल? भिंतीला भिंत आहे तुमची."

"अल्लाशप्पथ, माहीत नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

आत्याबाई बराच वेळ झुवैनाच्या बंद दाराकडे बघत बसल्या.